नगररचना आणि नागरिकाचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात बोरीवली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, शिष्यवृत्तीनिधीचा हिशेब आणि वधूवरसूचक मंडळाचा अहवाल हे विषय दरवर्षी होतात, व ते झालेच पाहिजेत. ह्या वर्षी चिटणीसांनी मला एखाद्या सार्वजनिक विषयावर बोलावे असे सुचविले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि उभे आयुष्य प्राथमिक शाळेत घालविलेला मनुष्य. नगररचनाशास्त्राचा मी पंडित नव्हे. तथापि हा विषय निवडण्याचे धाडस केले, कारण त्यात शास्त्राइतकाच शिक्षणाचा भाग आहे, आणि शिकविणे हा माझा व्यवसाय होता.

आपण ज्या वस्तीत राहतो तेथला रस्ता कोठून जावा, बाजार कोठे भरावा, मुलांना खेळावयास जागा किती असावी, पावसाचे पाणी कोणत्या वाटेने जावे, हे सारे कोणीतरी कागदावर आधी ठरविलेले असते. त्या ठरविण्यात नागरिकांचा सहभाग असावा असे सगळेच म्हणतात; कायदाही तसे म्हणतो. परंतु सहभाग घ्यावयास शिकवितो कोण? पाटीवर अक्षर गिरविल्यावाचून मुलाला वाचता येत नाही, उजळणी पाठ केल्यावाचून हिशेब येत नाही. मग नकाशा वाचणे, हरकत लिहिणे, सभेत मुद्देसूद बोलणे आणि दहा जणांना बरोबर घेऊन चालणे, ह्या गोष्टी मात्र मतदानाचे वय होताच आपोआप येतील असे आपण का धरून चालतो? नागरिकत्व हाही शिकविण्याचा विषय आहे, आणि तो शिकविण्याचे काही काम आपल्यासारख्या संस्थेने अंगावर घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सार्वजनिक सोयीसाठी नागरिकांनी पुढे येणे ही आपल्या परिसराला नवी गोष्ट नाही. राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा नगरांतील व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी दिलेल्या दानांची नोंद आहे, आणि त्या दानांत पाण्याच्या पोढ्याही आहेत. डोंगरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींनी टाक्यांत उतरविण्याची ती योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. दान देणाऱ्यांना पाण्याची वाट ठाऊक होती. अठराशे-एकोणीसशे वर्षांनंतर, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी, ज्याला आपण नाला म्हणत आलो तो प्रवाह म्हणजे तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी आहे, ह्याचे ज्ञान श्रीकृष्णनगर आणि दौलतनगर येथील कित्येक कुटुंबांना घरात पाणी शिरल्यावर झाले. नदी पूर्वीपासून तेथेच होती. नकाशावर ती पाहण्याची सवय मात्र आपल्याला कोणी लावली नव्हती.

आता ह्या शिक्षणाचा एक मोठा आचार्य मुंबईत होऊन गेला, त्याची ओळख करून देतो. पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) हे स्कॉटलंडचे गृहस्थ मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तीत राहून त्यांनी नगराचा अभ्यास केला, आणि १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरप्रदर्शनाचे नकाशे व चित्रे ज्या जहाजातून येत होती ते जहाज 'एम्डेन' ह्या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही ते थांबले नाहीत, मित्रांच्या साहाय्याने दुसरा संग्रह जमवून त्यांनी काम पुढे नेले. मुंबई इलाख्यातील सहा शहरांच्या पुनर्रचनेविषयी त्यांनी १९१५ मध्ये अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र हा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडीस हेच होते.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी: आधी पाहा, मग तपासा, मग योजना करा. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. तसेच गल्ली पायी फिरून पाहिल्याशिवाय तेथे रुंद रस्ता आखू नये. सरसकट पाडापाड करण्याऐवजी जेथे अगदी जरूर तेथेच थोडे काढावे, विहीर, झाड व देऊळ राखावे, आणि हे सर्व तेथील रहिवाशांना बरोबर घेऊन करावे.

त्यांनी लोकांना बरोबर कसे घेतले ह्याची इंदूरची हकीकत फार बोधप्रद आहे. सन १९१७ च्या सुमारास ते होळकर संस्थानात नगररचनेच्या कामासाठी राहिले होते. शहरात प्लेगचे भय होते, आणि घरोघर पाहणी करीत हिंडणाऱ्या ह्या परक्या माणसाविषयी लोकांत संशय होता. गेडीसनी दिवाळीच्या मिरवणुकीची व्यवस्था आपल्या हाती मागून घेतली, आणि असे जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील त्या रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता! गाड्याच्या गाड्या भरून केरकचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत रोगाचा दूत म्हणून प्रचंड उंदीर होता; झाडूवाले स्वच्छ पांढरी वस्त्रे नेसून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते; लक्ष्मीच्या मागोमाग नगरदेवतेची स्वारी होती, आणि तिच्या निशाणावर शहराचा नवा नकाशा काढलेला होता. ज्या लोकांना नकाशा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते त्यांनी तो उत्सवात पाहिला. ज्यांना कोणी जवळ उभे करीत नव्हते त्यांच्या गळ्यात हार पडला. शिक्षकाने ह्याहून चांगला धडा तो कोणता घ्यावा?

दुसरे उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराचे. तेथे १९०९ मध्ये शहराची मोठी योजना तयार झाली. पण योजना अमलात यावयाची तर कर्जाला नागरिकांची मते पाहिजेत, आणि मते पाहिजेत तर समज पाहिजे. म्हणून १९११ साली त्या योजनेवर शाळेतील आठव्या इयत्तेसाठी एक क्रमिक पुस्तक निघाले. मुलांनी ते घरी नेले, त्यामुळे आईबापांच्याही ते वाचनात आले. योजनेचे गुणदोष काही असोत. शहराचा नकाशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गेला ही गोष्ट लहान नाही. आपल्या मुलांना अमेरिकेतील नद्यांची नावे येतात, परंतु आपले घर महापालिकेच्या कोणत्या विभागात येते हे विचारले तर मोठी माणसेही एकमेकांकडे पाहतात.

आता आपल्या घराकडे येतो. १९२८ मध्ये विजेची गाडी बोरीवलीपर्यंत आली आणि १९५७ मध्ये हा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. बाभई, वझिरा, एकसर, शिंपोली, कान्हेरी, मागाठाणे ही जुनी गावे. त्यांच्या वाड्या, शेते व तळी ह्यांवर आजचे नगर उभे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार होतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाला सूचना व हरकती देता येतात, त्यांवर सुनावणी होते, आणि मग राज्यशासन मंजुरी देते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची तरतूद केली. २००९ साली क्षेत्रसभांचा कायदाही आपल्या राज्यात झाला, पण त्याची अंमलबजावणी नाममात्रच राहिली.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याची कथा सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आराखड्याच्या आधी शहरातील जमिनीचा प्रत्यक्ष वापर दाखविणारे नकाशे प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या संस्था व कार्यकर्ते ते नकाशे हाती घेऊन वस्त्या-वस्त्यांतून फिरले आणि त्यांतील चुका त्यांनी दाखवून दिल्या. 'हमारा शहर विकास नियोजन अभियान' ह्या नावाने अनेक संघटना एकत्र आल्या. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा निघाला, तेव्हा कोठे उभ्या इमारतींवरून रस्ता गेलेला, कोठे वारसास्थळांची नोंद चुकलेली, असे दोष निघाले. साठ हजारांहून अधिक सूचना व हरकती गेल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला. मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप आले, आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सर्वांचे समाधान झाले असे नाही. परंतु लोक नकाशा वाचावयास शिकले तर अवाढव्य शहराचाही कागद बदलतो, एवढे तरी सिद्ध झाले.

त्या २०१६ च्या दिवसांतील एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारातून आखलेल्या रस्त्याची रेघ गेली होती. सभासदांनी ऐंशी सह्यांचे पत्र लिहिले. पत्रात 'घोर अन्याय' हे शब्द तीन वेळा होते, पण आपला भूखंड कोणता ह्याचा पत्ता एकदाही नव्हता. त्याच इमारतीतील एका विधवा आजींनी मिळकत पत्रिका ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यांनी नातीकडून एक पानाचा अर्ज लिहविला: नगर भूमापन क्रमांक अमुक, इमारतीचे बांधकाम अमुक साली पूर्ण, रेघ जेथे दाखविली तेथे पाण्याची टाकी व जिना आहे, सोबत छायाचित्र व नकाशाची प्रत, रेघ अमुक बाजूस सरकवावी. सुनावणीत त्या पानाभोवतीच सारी चर्चा झाली. आजी चौथीपर्यंत शिकलेल्या. नेतृत्व म्हणतात ते हेच, असे मी समजतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांच्या खेळाची आहे, म्हणून ती नीट ऐकावी. आराखड्यात एखादा भूखंड क्रीडांगण किंवा दवाखाना ह्यांसाठी राखून ठेवला म्हणजे तो कायमचा राखला गेला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही तर मालकाला सूचना देता येते, आणि त्यानंतर ठराविक अवधीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. त्याची जमीन किती वर्षे अडकवून ठेवावयाची? परंतु नागरिकांच्या बाजूने त्या दहा वर्षांचा हिशेब कोण ठेवतो? कोणीही नाही. मग एके दिवशी पत्र्याचे कुंपण उभे राहते आणि आपण हळहळतो. शिष्यवृत्तीनिधीच्या ठेवीची मुदत केव्हा संपते हे आपल्या खजिनदारांना तोंडपाठ असते. तशीच एक वही विभागातील राखीव भूखंडांची असेल तर? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे, अर्ज तेवढा लिहावयाचा आहे.

पुनर्विकासाचा प्रश्न तर आपल्यापैकी बहुतेकांच्या दाराशी आला आहे. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयात विशेष सर्वसाधारण सभा कशी बोलवावी, तिचे चित्रीकरण कसे करावे, विकासक कसा निवडावा, हे क्रमवार सांगितले आहे. ज्या सभेत चार जण बोलतात आणि साठ जण सही करतात, तेथे निर्णयनियम कितीही चांगला असो, त्याचा उपयोग होत नाही.

सहभाग शिकविता येतो ह्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला व सुका कचरा वेगळा करून आपली गल्ली सुधारली, आणि त्या उदाहरणावरून महापालिकेने १९९७ मध्ये 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना शहरभर नेली. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचविलेली लहान कामे अंदाजपत्रकात घेण्याची प्रथा पाडली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने ती वाट १९८९ मध्ये दाखविली होती. केरळात १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत योजना करण्यापूर्वी हजारो कार्यकर्त्यांना वर्ग घेऊन शिकविण्यात आले. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे: आधी शिकविणे, मग विचारणे.

आता थोडे आपल्या संस्थेविषयी, आणि थोडे स्पष्ट बोलतो. वयाचा अधिकार म्हणून क्षमा करावी.

गेडीसचे शिष्य, आणि १९२४ नंतर त्यांच्या विभागाची धुरा वाहणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे मालवणचे. जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये निघाला. त्यात वाढत्या ज्ञातिसंस्थांविषयी त्यांनी चिंता व्यक्त केली आहे: ह्या संस्थांमुळे मनुष्याचा जिव्हाळा ज्ञातीपुरताच आकुंचित होईल आणि राष्ट्राचा बंध ढिला पडेल, ही त्यांची भीती होती. आपल्या संमेलनात हे सांगणे अप्रस्तुत वाटेल, परंतु त्या आक्षेपाला उत्तर आपणच दिले पाहिजे, आणि ते कृतीने दिले पाहिजे.

आपल्या संस्थेने आपल्याला पुष्कळ शिकविले आहे. इतिवृत्त कसे लिहावे, हिशेब तपासनिसापुढे कसा ठेवावा, मतभेद झाला तरी पंगतीला एकत्र कसे बसावे, मुदत संपली की पद सोडून दुसऱ्याला कसे द्यावे, हे आपल्या वडिलांनी येथेच गिरविले. लोकशाहीची ही शाळाच आहे. पण शाळेत शिकलेले गणित शाळेतच ठेवून यावयाचे असते काय? विकास आराखड्याच्या नकाशावर रस्त्याला रंग आहे, बागेला आहे, शाळेला आहे. ज्ञातीला रंग नाही. आपल्या गल्लीत पाणी तुंबते तेव्हा ते सर्वांच्या उंबऱ्यात शिरते. त्या गल्लीतला भाजीवाला, नदीकाठच्या झोपडीतला मजूर, गावठाणातला मूळचा रहिवासी आणि गेल्या वर्षी घर घेतलेला परप्रांतीय शेजारी, ह्यांना वगळून आपण कितीही सुंदर निवेदन दिले तरी ते अपुरे राहील. नाला कोठे तुंबतो हे आपल्यापेक्षा त्या मजुराला अधिक ठाऊक असते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे एक विनंती ठेवतो. पावसाळ्याच्या आधी पाच रविवार सकाळी आपल्या सभागृहात एक वर्ग चालवावा.

पहिला रविवार पाहण्याचा: मुलांनी, स्त्रियांनी व वृद्धांनी एकत्र आपला विभाग पायी फिरावा, पदपथ कोठे तुटला, म्हाताऱ्या माणसाला रस्ता कोठे ओलांडता येत नाही, कोणत्या वळणावर दिवा नाही, हे वहीत लिहावे. दुसरा नकाशाचा: प्रमाण, दिशा, खुणांची सूची, आणि त्यात आपले घर शोधणे. मी तिसरीच्या मुलांकडून शाळेच्या परिसराचा नकाशा काढून घेत असे. आठ वर्षांच्या मुलाला जे जमते ते आपल्याला न जमावयास काय झाले? तिसरा कायद्याच्या मुदतींचा: सूचना कोठे प्रसिद्ध होते, किती दिवसांत उत्तर द्यावयाचे, सुनावणी म्हणजे काय. चौथा लिहिण्याचा: एका पानात एक मुद्दा, क्रमांक, पुरावा, आणि शेवटी नेमकी मागणी. पाचवा सभेचा: अध्यक्षाने सर्वांना कसे बोलते करावे, विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत कसे लिहून घ्यावे, आणि ठरलेले काम नावानिशी कसे वाटून द्यावे. ह्या पाचव्या धड्यात तरुणांना आणि विशेषतः आपल्या भगिनींना अध्यक्षस्थानी बसवावे. आपल्या सभांत त्या चहाची व्यवस्था उत्तम ठेवतात, पण पाण्याची वेळ, शाळेची वाट आणि बाजाराचा रस्ता ज्यांना रोज अनुभवावा लागतो, त्यांचा आवाज इतिवृत्तात क्वचितच उतरतो.

आणि एक अट: ह्या वर्गाचे दार ज्ञातीबाहेरच्या शेजाऱ्यांनाही उघडे असावे. वर्गात निम्म्या खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. तसे झाले तर घुर्यांच्या भीतीला बोरीवलीने दिलेले ते चांगले उत्तर ठरेल.

हे काम कोणा राजकीय पक्षाचे नव्हे, किंवा महापालिकेशी भांडणाचेही नव्हे. अधिकारी आपल्याइतकेच ह्या शहराचे नागरिक आहेत, आणि नीट लिहिलेल्या अर्जाची किंमत त्यांना कळते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रतिनिधी नसताना नागरिकांनी स्वतः बोलणे किती जरुरीचे असते हे त्या काळाने दाखविले. प्रतिनिधी असतानाही ती जरुरी कमी होत नाही. ठाणे–बोरीवली जोडबोगद्यासारखी मोठी कामे आपल्या दाराशी आली आहेत, आणखीही येतील. त्यांचे स्वागत करावयाचे असो की त्यांत दुरुस्ती सुचवावयाची असो, दोन्हींसाठी आधी नकाशा वाचता आला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी मुलांना शाळेत घालण्यासाठी ही संस्था काढली. त्या मुलांची नातवंडे आज पदवीधर आहेत. त्यांना आता आपले नगर वाचावयास शिकवू या. वर्ग सुरू झाल्यास फळा व खडू घेऊन पहिल्या रविवारी मी हजर राहीन, आणि कार्यकारी मंडळ ह्या विनंतीचा विचार करील अशी आशा बाळगतो.